तबकडीवरचे नाव

(जुने शहर, अकोला येथील स्मृती-व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचा एक नियम या जुन्या शहरातील साठी उलटलेल्या पुष्कळांना आठवत असेल. विद्यार्थ्याच्या हाती पुस्तक देण्यापूर्वी ते त्याचे आतले पान उघडीत, आणि ग्रंथकर्त्याच्या नावाशी न थांबता मुद्रकाचे नाव, छापखान्याचा पत्ता, आवृत्तीचे वर्ष, मुखपृष्ठ चितारणाऱ्याचे नाव, हे सारे त्याला मोठ्याने वाचावयास लावीत. आणि त्याने घाई केली, तर "ज्याने खिळे जुळवले त्यालाही घरदार होते," एवढेच म्हणून पुन्हा पहिल्यापासून वाचावयास सांगत. त्या वयात आम्हांला ही शाळेतली एक शिस्त वाटे. पुढे आयुष्याची पन्नासएक वर्षे तबकड्या गोळा करण्यात, त्या ऐकण्यात आणि त्यांच्या पाकिटांवरचा बारीक मजकूर भिंग लावून वाचण्यात गेली, तेव्हा त्या शिस्तीचा अर्थ मला हळूहळू उलगडत गेला. आज त्यांच्या नावाच्या या व्यासपीठावर मी जे बोलणार आहे, ते त्या एका नियमाचेच विवरण आहे असे समजावे.

विषय आहे लहान, स्वतंत्र ध्वनिमुद्रिका-कंपन्यांनी काढलेले जाझचे अल्बम आणि त्यांत आपल्याकडच्या वादकांचा वाटा. मोर्णेच्या काठी, असदगडाच्या बुरुजांशेजारी, राजराजेश्वराच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर बसून हा विषय ऐकताना काहींच्या मनात तो परका वाटण्याचा संभव आहे, याची मला जाणीव आहे. तथापि ज्या गावात श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामाहून पूर्णेचे पाणी कावडींत भरून, अठरा किलोमीटरांची वाट रात्रभर ढोलताशांच्या गजरात तुडवीत माणसे पहाटे राजेश्वराच्या पायरीशी पोहोचतात, त्या गावाला लयीची गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. जाझ हे अमेरिकेच्या दक्षिणेकडील न्यू ऑर्लिन्स या बंदरात, गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत, विसाव्या शतकाच्या आरंभी आकारास आलेले संगीत. एक चाल ठरलेली, तिचे आवर्तन ठरलेले, आणि त्या आवर्तनाच्या चौकटीत प्रत्येक वादकाने आपल्या पाळीला त्या क्षणी जे सुचेल ते वाजवून पुन्हा सर्वांसोबत ठरल्या ठिकाणी येऊन मिळावयाचे, एवढा त्याचा कायदा. ज्याने ठुमरीतला बोलबनाव ऐकला आहे आणि त्यानंतर तबलजीने धरलेली लग्गी ऐकली आहे, त्याला हा कायदा अर्ध्या तासात कळतो.

माझ्या घरात हे संगीत नकळत शिरले. आमच्या वाड्यात काकांचा चावीचा ग्रामोफोन होता, आणि १९५१ साली आलेल्या 'अलबेला' या चित्रपटाच्या तबकड्या त्यांनी मुंबईहून आणल्या होत्या. त्याचे नायक मास्टर भगवान हे अमरावतीत जन्मलेले, संगीतकार सी. रामचंद्र हे पुणतांब्याचे चितळकर, काही काळ नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे शिकलेले. त्यामुळे काका ते सगळे वऱ्हाडच्या खात्यावर जमा धरून मोठ्या अभिमानाने वाजवीत. त्यांतल्या एका नृत्यगीतात पितळी वाद्यांचा असा काही झोत येई, की शेजारच्या आजी ओसरीवरून ओरडत, "बाप्पा, हे काय वाजून राहिलं?" काकांना उत्तर देता येत नसे, कारण तबकडीच्या मध्यावरच्या गोल कागदावर गायकांचे नाव होते, चित्रपटाचे होते, संगीतकाराचे होते, ते कर्णे फुंकणाऱ्याचे मात्र कोठेही नव्हते.

ते नाव मला तीस वर्षांनी कळले. अंतोनियो झेवियर वाझ, राहणार मूळचे गोव्यातील बारदेस महालातल्या आल्दोना गावचे, जन्म १९१६, मृत्यू १९६७. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलच्या नृत्यगृहात वाजवणारा हा ट्रंपेटवादक 'चिक चॉकलेट' या नावाने ओळखला जाई आणि हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणून त्याची ख्याती होती. 'अलबेला'त तो आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसतो. रामचंद्रांच्या कितीतरी गाण्यांना जो जाझचा रंग आहे, तो या माणसाच्या आणि त्याच्यासारख्या इतर गोमंतकीय वादकांच्या हातचा आहे. हे लोक रात्री हॉटेलात जाझ वाजवीत, सकाळी चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणास हजर होत, स्वरलिपी लिहीत, वाद्यांची वाटणी करीत, आणि पाकिटात मजुरी घेऊन घरी जात. चित्रपटसंगीताच्या त्या कारखान्याच्या दप्तरात नावाची नोंद ठेवण्याची रीतच नव्हती. १९४९ च्या 'महल'मधील सुप्रसिद्ध गाण्याच्या पहिल्या तबकडीवर लता मंगेशकरांचेही नाव नव्हते, त्या जागी चित्रपटातील पात्राचे 'कामिनी' हे नाव छापलेले होते. मग कर्णेवाल्याची काय कथा! नरेश फर्नांडिस यांनी २०१२ साली 'ताज महल फॉक्सट्रॉट' हा ग्रंथ लिहून मुंबईच्या त्या जाझयुगातील माणसे एकेक करून पुन्हा ओळखीची केली, तेव्हा कोठे ही थकबाकी थोडीफार फिटली.

आता स्वतंत्र कंपनी म्हणजे काय, हे एकदा स्पष्ट केले पाहिजे. तबकडीच्या धंद्यात फार दिवस दोनचार बलाढ्य कंपन्यांची सत्ता होती. आपल्याकडे तर १९०८ साली कलकत्त्यात निघालेल्या कारखान्याचा बाजारावर साठ वर्षे जवळजवळ एकछत्री अंमल चालला. या कंपन्यांचा हिशेब लाखांचा असतो. म्हणून जे लाखांना रुचेल त्याचाच परवाना तेथे मिळतो. स्वतंत्र कंपनी म्हणजे बहुधा एक माणूस, त्याला लागलेले एक वेड, उसने भांडवल, आणि हजार-दोन हजार प्रती खपल्या तरी पुढची तबकडी काढण्याची तयारी. तिच्या मालकाला कोणा वरिष्ठाची मंजुरी लागत नाही. मुखत्यारी त्याची स्वतःची असते, आणि ती तो वादकाला देऊ शकतो. याहून मोठा भेद माझ्या दृष्टीने तबकडीच्या पाकिटावर आहे. या छोट्या कंपन्यांनी अगदी प्रथमपासून एक प्रघात पाडला, की मागल्या बाजूस प्रत्येक वादकाचे नाव, त्याचे वाद्य, ध्वनिमुद्रणाची तारीख, ठिकाण आणि यंत्रावर बसलेल्या तंत्रज्ञाचेही नाव छापावयाचे. खरेदीखतावर साक्षीदारांच्या सह्या असाव्यात तशी ही नावे असतात, आणि त्यांच्यामुळेच ती तबकडी दस्तऐवज ठरते.

याचा साक्षात्कार मला १९८० च्या सुमारास मुंबईत, रस्त्यावर जुन्या तबकड्या मांडून बसलेल्या एका विक्रेत्याच्या ढिगात झाला. हाती आलेले पाकीट जर्मन होते. 'जाझ मीट्स इंडिया' असे त्याचे नाव, आणि मागे वादकांच्या यादीत, आयरीन श्वाइत्सर, मानफ्रेड शूफ, बार्ने विलेन अशा युरोपीय नावांच्या रांगेत, 'केशव साठे, तबला' अशी ओळ. श्रोतेहो, ज्याच्या आळीत चार साठे राहतात अशा माणसाला ती ओळ वाचून काय वाटले असेल, ते शब्दांत सांगणे मला आजही साधत नाही. ती तबकडी मी विकत घेतली, हावडा मेलच्या वरच्या फळीवर उशाशी ठेवून अकोल्यास आणली, आणि ती वाजवण्याजोगे यंत्र मिळेपर्यंत चार महिने केवळ पाकीट वाचून काढले.

तिची हकीकत अशी. जर्मनीच्या नैर्ऋत्येस 'काळे अरण्य' या नावाचा डोंगराळ मुलूख आहे, आणि त्यात फिलिंगेन या गावी रेडिओ बनवणारा साबा नावाचा कारखाना होता. त्या घराण्यातील हान्स गेऑर्ग ब्रुन्नर-श्वेअर या गृहस्थाला जाझचे आणि निर्दोष ध्वनिमुद्रणाचे विलक्षण वेड. त्याने घरच्या कारखान्यातच तबकड्यांचा विभाग चालवला, आणि १९६८ मध्ये त्यातून एमपीएस ही केवळ जाझला वाहिलेली कंपनी उभी केली. योआखिम-एर्न्स्ट बेरेंट या जाणत्या समीक्षकाच्या योजनेनुसार ऑक्टोबर १९६७ मध्ये तेथे दोन त्रिकुटे एकत्र आली: स्वित्झर्लंडच्या पियानोवादक श्वाइत्सरबाईंचे एक, आणि सतारवादक दिवाण मोतिहार, केशव साठे आणि तंबोऱ्यावर कुसुम ठाकूर यांचे दुसरे. साठे मुंबईचे, १९५० च्या दशकात ते लंडनला गेले आणि तेथेच स्थायिक झाले. त्या तबकडीतील एका रचनेचे नाव आहे 'ब्रिगाख अँड गँजेस'. ब्रिगाख म्हणजे फिलिंगेनमधून वाहणारी, डॅन्यूबच्या उगमाशी नाते सांगणारी लहानशी नदी. आपल्या मोर्णेसारखीच ती नकाशावर शोधावी लागते. पण त्या गावच्या माणसांनी तिला गंगेच्या शेजारी बसवले, आणि त्यात त्यांना कसलाही संकोच वाटला नाही, ही गोष्ट मला फार प्रिय आहे.

वादनाविषयी माझे मत विचाराल, तर ही तबकडी सर्वांगी यशस्वी नाही. काही ठिकाणी दोन्ही पक्ष परस्परांना वाट करून देण्यात इतके गुंतलेले आहेत, की चालणे राहूनच जाते. परंतु साठ्यांचा ठेका जेथे ढोलांच्या गलबल्यातून शांतपणे समेवर येतो, तेथे परदेशी बैठकीत आपल्या शिस्तीवर स्थिर राहिलेला एक माणूस ऐकू येतो; आणि तो कोण, हे पाकिटावर लिहिलेले असते.

साठ्यांचे नाव त्याआधीही एका तबकडीवर आले होते. लंडनमध्ये डेनिस प्रेस्टन नावाचा एक निर्माता होता. इंग्लंडातील पहिला स्वतंत्र ध्वनिमुद्रिका-निर्माता म्हणून त्याची गणना होते. आपल्या लॅन्सडाउन स्टुडिओत, आपल्या जबाबदारीवर, आपल्या आवडीचे वादक बसवून तो ध्वनिमुद्रण करी, आणि तयार झालेली फीत मोठ्या कंपनीला खंडाने देई. म्हणजे जमिनीचा धनी तोच, पीक मात्र दुसऱ्याच्या अडतीवर. कलकत्त्यात जन्मलेले संगीतकार जॉन मेयर आणि जमैकाहून आलेला सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांचा 'इंडो-जाझ सूट' त्याने १९६६ मध्ये काढला. त्यात सतारीवर मोतिहार आणि तबल्यावर साठे आहेत. साम्राज्य नुकतेच विसर्जित झालेले, आणि त्याच्या राजधानीत बंगालचा, जमैकाचा आणि मुंबईचा माणूस एका खोलीत बसून आपापसांत हिशेब जुळवीत आहेत, असे ते दृश्य आहे.

याच प्रेस्टनकडे मुंबईचा आणखी एक वादक गेला. अमान्सियो डि'सिल्वा, जन्म १९३६, आईवडील गोव्याचे, वाद्य गिटार. १९६९ साली त्याचे दोन अल्बम निघाले, 'इंटिग्रेशन' आणि हॅरियटच्या जोडीने 'हम दोनो'. १९७२ मध्ये त्याने 'कोंकण डान्स' या नावाचा अल्बम ध्वनिमुद्रित केला, आणि तो फडताळातच राहिला. बाजाराचे वारे फिरले होते, रॉक संगीताने जाझची जागा व्यापली होती, आणि फितीवरचे कोकण त्या अंधारात चौतीस वर्षे पडून होते. डि'सिल्वा १९९६ मध्ये वारला. त्याचा अल्बम २००६ साली, जुन्या फिती शोधून काढणाऱ्या व्होकेलियन या लहानशा इंग्रज कंपनीने प्रसिद्ध केला. आपला तो अल्बम दुकानात लागलेला त्याला पाहावयास मिळाला नाही, हे मनातून जात नाही. पण फितीच्या डब्यावर नाव आणि साल लिहून ठेवणारा कोणी तरी होता, म्हणून ती शोधणाऱ्याला सापडली, हेही तितकेच खरे.

म्यूनिक येथे १९६९ साली मानफ्रेड आयशर याने स्थापलेल्या ईसीएम या कंपनीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यामुळे मी थोडक्यात बोलतो. तिच्या तबकड्यांच्या आरंभी काही क्षण निःशब्दतेसाठी राखलेले असतात; मैफलीत तंबोरे जुळल्यावर गवई डोळे मिटून बसतो, त्या क्षणांची मला तेथे आठवण होते. माहीमला जन्मलेल्या झाकिर हुसेनांचा 'मेकिंग म्युझिक' हा अल्बम या कंपनीने १९८७ मध्ये काढला. हरिप्रसाद चौरसिया, जॉन मॅकलॉफ्लिन आणि नॉर्वेचा यान गार्बारेक हे त्यांचे सोबती. पाकिटावर नोंद आहे: डिसेंबर १९८६, रेनबो स्टुडिओ, ऑस्लो, तंत्रज्ञ यान एरिक कोंग्सहाउग. आमच्या गुरुजींनी हे पाकीट हाती घेतले असते, तर शेवटच्या नावापाशी समाधानाने मान हलवली असती.

आता ज्या तबकडीसाठी मी हा सारा प्रपंच मांडला, तिच्याकडे येतो. बेळगावात १९२५ साली भानुमती शिरोडकर या नावाने एक मुलगी जन्मास आली. आई मेनकाबाई शिरोडकर नर्तकी आणि गायिका, अल्लादिया खाँसाहेबांच्या परंपरेत शिकलेल्या. मुलीची तालीम अल्लादिया खाँचे धाकटे चिरंजीव भुर्जी खाँ यांच्याकडे सुरू झाली, आणि पुढे घम्मन खाँकडून ठुमरी-दादऱ्याचे ते अंग तिने आत्मसात केले, ज्याने तिचे नाव देशभर झाले. बेळगावात पोलीस खात्यात वरिष्ठ हुद्द्यावर असलेले आणि स्वतः सतार वाजवणारे पंडित नारायणनाथ गुर्टू यांचे चिरंजीव विश्वनाथ यांच्याशी विवाह झाल्यावर ती शोभा गुर्टू झाली. शोभाताईंचा आवाज ज्यांनी ऐकला आहे, त्यांना मी काय सांगावे? आणि ज्यांनी ऐकलेला नाही, त्यांना एवढेच सांगतो, की एकाच शब्दाला निरनिराळ्या स्वरांच्या वाटेने पुनःपुन्हा नेऊन प्रत्येक वेळी त्याच्यातून वेगळी व्यथा काढून दाखवणे, ही जी ठुमरीची कला, ती त्यांच्याकडे अभिनयासारखी प्रत्यक्ष होई. ऐकणाऱ्याला चेहरा दिसे.

त्यांचा मुलगा त्रिलोक, जन्म १९५१. तबला शिकला, आणि मग पाश्चात्य ड्रम्सकडे वळला. परंतु ड्रम्स वाजवण्यासाठी त्याने स्टूल नाकारले. तो जमिनीवर गुडघे टेकून बसतो, तबला आणि ड्रम्स यांची एकच बैठक मांडतो, आणि बाजूला पाण्याची बादली ठेवून वाजती झांज तिच्यात बुडवतो, त्यासरशी तिचा नाद पाण्याबरोबर वाकतो आणि खाली उतरतो. ही बादली मी जेव्हा प्रथम पाहिली, तेव्हा मला विहिरीत घागर बुडताना येणाऱ्या आवाजाची आठवण झाली. नोव्हेंबर १९८४ मध्ये 'ओरेगॉन' या अमेरिकन वाद्यवृंदाचा तबला आणि सतार वाजवणारा कॉलिन वॉलकॉट पूर्व जर्मनीत अपघातात मरण पावला. त्याच्या रिकाम्या जागी पुढे त्रिलोक बसला. आपल्या गुरुजनांकडून एका परदेश्याने नेलेली विद्या, तो गेल्यावर आपल्याच मुलाने तेथे जाऊन सांभाळली, असा हा फेरा आहे.

१९८८ साली त्रिलोकचा स्वतःचा पहिला अल्बम निघाला, 'उसफ्रेट'. काढणारी कंपनी सीएमपी, कुर्ट रेंकर या गृहस्थाने चालवलेली. तिचा स्टुडिओ जर्मनीतील झेरकाल या खेड्यात, जे गाव उंची कागदाच्या गिरणीसाठी नावाजलेले होते. यादीत ट्रंपेटवर डॉन चेरी आहे, गिटारवर राल्फ टाउनर, व्हायोलिनवर शंकर, बासवर योनास हेल्बोर्ग, पियानोवर दानिएल गोयोन. आणि गायनापुढे नाव आहे, शोभा गुर्टू. पहिल्याच रचनेचे शीर्षक 'शोभारॉक'.

यात मला काय दिसते ते सांगतो. मुलगा परक्या मुलखात, परक्या संगीतात आपले पहिले घर बांधतो आहे, आणि उंबरठ्यावर आईचे नाव कोरतो आहे. त्या वेळी शोभाताईंचे वय त्रेसष्ट. चित्रपटांनी त्यांना गाणी दिली, सरकारने मानसन्मान दिले, १९८७ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि पुढे २००२ मध्ये पद्मभूषण. परंतु बेळगावच्या या बाईला डॉन चेरीच्या ट्रंपेटसमोर बसवण्याची कल्पना एखाद्या मोठ्या कंपनीच्या खातेप्रमुखापुढे मांडली असती, तर तो अर्ज कोणत्या टेबलावर किती दिवस राहिला असता? झेरकालच्या खेड्यात असे टेबलच नव्हते. आणि त्या अल्बमात त्यांची ठुमरी कोणाच्या सोयीसाठी कापलेली नाही. आवाज आपल्या चालीने येतो, आपल्या वेळी थांबतो. सभोवतालचे वादक, जे आपापल्या देशांत मोठे गणले जातात, ते त्याची वाट पाहतात. संगतीचा धर्म याहून वेगळा असतो असे मला वाटत नाही. १९९३ मध्ये त्याच कंपनीने काढलेल्या 'क्रेझी सेंट्स'मध्ये जो झाविनुल आणि पॅट मेथनी यांच्याबरोबर शोभाताई पुन्हा आहेत. त्यांचे २००४ साली देहावसान झाले. त्यांच्या निधनानंतर मी कितीतरी दिवस त्यांच्या ठुमऱ्या लावू शकलो नाही. लावली ती 'उसफ्रेट', कारण तिच्यात त्या एकट्या नव्हत्या.

अलीकडच्या काळाविषयी बोलताना दोन गोष्टींचा निर्देश पुरे होईल. मॅकलॉफ्लिन आणि झाकिर हुसेन यांच्या 'शक्ती' या वृंदाचा, चेंबूरला वाढलेल्या शंकर महादेवन यांचा आवाज असलेला 'धिस मोमेंट' हा अल्बम २०२३ मध्ये अॅब्स्ट्रॅक्ट लॉजिक्स या स्वतंत्र कंपनीने काढला, जिचा चालक सौविक दत्त हा अमेरिकेत राहणारा बंगाली गृहस्थ. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याला ग्रॅमी पारितोषिक मिळाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात झाकिरभाई गेले.

दुसरी गोष्ट मला अधिक जवळची आहे. सारथी कोरवार हा तरुण वादक अमेरिकेत जन्मला, अहमदाबाद आणि चेन्नई येथे वाढला, आणि पुण्यात शिकावयास आला असता राजीव देवस्थळी यांच्याकडे त्याने तबल्याची रीतसर तालीम घेतली. आता तो लंडनला असतो. त्याचा 'मोअर अरायव्हिंग' हा अल्बम लीफ लेबल या इंग्लंडातील स्वतंत्र कंपनीने २०१९ मध्ये काढला. इंग्लंडात परदेशातून येणाऱ्या माणसांविरुद्ध वातावरण तापलेले असताना 'आणखी येत आहेत' असे नाव अल्बमाला देणे, यात धैर्य होते. त्यात मुंबई-दिल्लीच्या वस्त्यांतील रॅप करणारी मुले आहेत. 'मुंबे' नावाच्या रचनेत एमसी मवाली हा मुंबईचा तरुण आहे, ज्याच्या 'स्वदेशी' या चमूने आरेच्या जंगलातील वारल्यांचा लढाही गाण्यात आणला. या मुलांचा शब्द तबल्याच्या बोलांइतकाच लयीवर उभा असतो. माझ्या वयाच्या लोकांनी रॅपविषयी नाक मुरडण्यापूर्वी हा अल्बम एकदा सबंध ऐकावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

परंतु मला विशेष सांगावयाचे आहे ते त्याच्या आधीच्या, २०१८ च्या अल्बमाविषयी. 'माय ईस्ट इज युअर वेस्ट' हे त्याचे नाव, गिअरबॉक्स या लंडनच्या स्वतंत्र कंपनीने काढलेला, आणि एका चर्चमध्ये श्रोत्यांसमोर ध्वनिमुद्रित झालेला. भारताकडे पाहून जाझवाल्यांनी जे जे रचले, त्यातले वेचक तुकडे कोरवारच्या उपज कलेक्टिव्ह या वृंदाने तेथे वाजवले. अॅलिस कोल्ट्रेनची रचना आहे, 'शक्ती'ची आहे, आणि त्यांच्या बरोबरीने एक रचना आहे, 'अ स्ट्रीट इन बॉम्बे'. रचनाकार: अमान्सियो डि'सिल्वा. ज्याचे कोकण चौतीस वर्षे फडताळात पडून होते, त्याच्या मुंबईच्या रस्त्यावरून पुण्यात तबला शिकलेला मुलगा चालत होता, आणि पाकिटावर दोघांचीही नावे होती. हे वाचून त्या रात्री मला झोप आली नाही.

मोबाइलवर संगीत ऐकण्याची आजची जी सोय आहे, तिच्याविषयी माझी तक्रार एवढीच आहे. संगीत हातात आले आणि पाकीट गेले. पडद्यावर मुख्य कलाकाराचे नाव येते. तबल्यावर कोण, तंबोरा कोणाचा, कोणत्या गावी, कोणत्या दिवशी, हे धुंडाळावे लागते आणि बहुधा सापडत नाही. 'अलबेला'च्या तबकडीवर जी कोरी जागा होती, तीच सत्तर वर्षांनी काचेवर परत आली आहे. लहान स्वतंत्र कंपन्या मात्र अजूनही आपल्या अल्बमांखाली संपूर्ण यादी देतात. बँडकॅम्पसारख्या ठिकाणी ती वाचावयास मिळते, आणि दिलेल्या पैशाचा मोठा भाग वादकापर्यंत पोहोचतो. तरुणांनो, ऐकावयाचेच असेल तर तेथे ऐका, आणि शक्य असेल तेव्हा विकत घ्या.

आणखी एक, वऱ्हाडपुरते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी मोझरीहून खंजिरी साऱ्या देशात नेली, १९५५ मध्ये जपानपर्यंत नेली. तिचा तो खडा, दोन बोटांत खेळणारा ठेका आजही आपल्या गावोगावच्या भजनी मंडळांत शाबूत आहे. खंजिरीच्या दक्षिणेकडील भावंडाने, कंजिराने, 'शक्ती'च्या वृंदात बसून जगाला आपला ठेका ऐकवला. आपल्या खंजिरीवाल्यांचे ध्वनिमुद्रण कोणी करावयाचे? त्याला आता कारखाना लागत नाही; एक चांगले यंत्र, एक शांत खोली आणि एक वही लागते. या सभागृहात असे तरुण आहेत, ज्यांना यंत्र कळते. वहीची जबाबदारी, डोळे चालतात तोवर, मी घेतो: खंजिरी कोणाची, टाळ कोणाचे, गाव कोणते, तालुका कोणता, तिथी कोणती.

काकांच्या त्या 'अलबेला'तील नृत्यगीताची तबकडी मी आज बरोबर आणली आहे, आणि चालकांच्या कृपेने मागे ग्रामोफोनही मांडलेला आहे. तबकडीवरच्या गोल कागदाला मी हात लावलेला नाही. पण तिच्या खाकी पाकिटावर काही वर्षांपूर्वी पेन्सिलीने एक ओळ लिहिली आहे. गुरुजींच्या नियमाप्रमाणे ती मोठ्याने वाचतो, आणि मग आपण ऐकू: अंतोनियो झेवियर वाझ, ट्रंपेट, आल्दोना.